फौजेतून एअरलाइनकडे: कोणती कंपनी धरावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे उत्तरांत कुठे कल आहे ते तुम्हाला ओळखता येईल. साताऱ्याचं सैनिक स्कूल, मग खडकवासला, मग वीस वर्षं हवाई दलाची वाहतूक विमानं, त्यातली बहुतेक एएन-३२ वर. विंग कमांडर म्हणून बाहेर पडलो आणि आता एअरबस ए-३२० उडवतो. घर पुण्यात आहे. या शेवटच्या वाक्याने माझे बरेच निर्णय ठरवले. ज्या कंपन्यांत मी काम केलं त्यांची नावं इथे येणार नाहीत. बाकी कंपन्यांची नावं जगजाहीर गोष्टींपुरतीच येतील.

सर, पगार सगळ्यात जास्त कोण देतं?

फौजेतून बाहेर पडू पाहणाऱ्या वैमानिकांचे फोन येतात, त्यात दहातले आठ जण हेच विचारतात. एअरलाइनचा पगार फोर्ससारखा नसतो. तिथे हुद्दा कळला की आकडा कळतो. इथे करारात ठरावीक तासांचे पैसे खात्रीचे असतात आणि त्यावर उडाल तितके. काही करारांत हे खात्रीचे तास ७० असतात, काहींत ४०. दोन ऑफर शेजारी ठेवून 'महिन्याला किती' एवढंच पाहणारा फसतो. ज्या महिन्यात विमान हँगरमध्ये, तुम्ही ट्रेनिंगवर किंवा धुक्यामुळे अर्धा डिसेंबर रद्द, त्या महिन्यात हातात काय येईल ते काढा. घराचा हप्ता त्या आकड्यावर बेता.

आणि पेन्शन मिळणार असेल तर ती पगाराबरोबर चालू राहते. म्हणजे सिव्हिल फ्लाइंग स्कूलमधून कर्ज काढून आलेल्या पोरापेक्षा तुमच्या पायाखालची जमीन घट्ट आहे. मग पगाराच्या आकड्यावरून कंपनी का निवडायची?

मग काय पाहून निवडायची?

तीन गोष्टी, याच क्रमाने: बेस (ज्या शहरातून तुमची ड्यूटी सुरू होते) कुठे मिळेल, कमांड (कॅप्टनची डावी सीट) कधी मिळेल, विमान कोणतं. कंपनीचं नाव, शेपटावरचा रंग, लाउंजमधली कॉफी हे नंतर.

बेसला एवढं महत्त्व का? फोर्समध्ये तर जोरहाटपासून थॉइसपर्यंत सगळीकडे राहिलो.

राहिलात, पण सरकारी क्वार्टरमध्ये. शेजारी मेस होती, मुलांना केंद्रीय विद्यालय होतं आणि तुम्ही बाहेर असताना बायकोला दवाखान्यात न्यायला स्क्वॉड्रनमधलं कोणीतरी होतं. एअरलाइन बेस देते, घर देत नाही.

माझा किस्सा सांगतो. मुलाखतीत एचआरच्या बाईंनी हसून सांगितलं, 'पुणे? होऊन जाईल, सर.' मी खूश. नेमणुकीच्या पत्रात ओळ होती: बेस कामाच्या गरजेनुसार ठरवला जाईल. फोर्समध्ये तोंडी दिलेला शब्द चालतो, म्हणून मी ती ओळ वाचूनही वाचली नाही. पुढची दोन वर्षं कोलकात्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढली. सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या विमानात रिकामी सीट मिळते का ते बघत विमानतळावर बसायचं, सीट मिळाली नाही की परत फ्लॅटवर. मुलीची दहावी मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. दोष कंपनीचा म्हणावा तर कागदावर ती बरोबर होती.

तेव्हा बेस लेखी मागा. लेखी देत नसतील तर तुमच्यासारख्यांना तो बेस साधारण किती महिन्यांनी मिळतो ते एचआरला विचारू नका, तिथे उडणाऱ्या दोघांना विचारा.

पुणे, नागपूर, गोवा, नाशिक हे बेस म्हणून कसे आहेत?

पुण्याचं लोहगाव मुळात हवाई दलाचं. सुखोई तिथून उडतात, सिव्हिल टर्मिनल पाहुणं आहे. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, पण धावपट्टी तीच आणि तिच्यावर पहिला हक्कही हवाई दलाचाच. म्हणून पुण्यात रात्री उभी राहणारी विमानं मोजकी, आणि तिथे बेस मागणाऱ्यांची रांग लांब, कारण निम्मी फौज निवृत्तीनंतर पुण्यातच घर घेते! बरेच पुणेकर वैमानिक मुंबई बेस घेतात आणि रात्री एकला एक्स्प्रेसवेवर गाडी काढतात. हे वर्ष-दोन वर्षं जमतं, पुढे पाठ बोलायला लागते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरअखेर उड्डाणं सुरू झाली. पुण्याहून उलवे गाठणं सहारपेक्षा सोपं आहे, त्यामुळे पुण्यात घर असणाऱ्यांनी तिथल्या बेसबद्दल आवर्जून विचारावं.

गोव्यात दाभोळी नौदलाचं, तर मोपा पूर्ण सिव्हिल. मोपाला घर मानणारी फ्लाय९१ मार्च २०२४ मध्ये उडायला लागली, तिच्याकडे एटीआर-७२ ही पंख्यांची छोटी विमानं आहेत. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर जेट उडवते. या छोट्या कंपन्यांना लोक नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. दिवसाचं फ्लाइंग, लहान धावपट्ट्या, हाताने उडवायची संधी: एएन-३२ किंवा डॉर्निअरवरून आलेल्या माणसाला तिथे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतं. जोखीम एवढीच की विमानं कमी, त्यामुळे एक-दोन जमिनीवर अडकली की सगळं वेळापत्रक हलतं.

नाशिकचं काय? आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल गांधीनगरला, एचएएल ओझरला, म्हणून तिथे ओळखीपाळखी भरपूर. एअरलाइनचा बेस म्हणून मात्र विसरा.

कमांडचं गणित काय? मी तर पंधरा वर्षं कॅप्टनच होतो.

होतात. पहिल्या दिवशी बहुतेक जण उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या (फर्स्ट ऑफिसरच्या) सीटवर बसतात, खांद्यावर तीन पट्ट्या, आणि डावीकडे एकोणतीस-तीस वर्षांचा कॅप्टन. माझा पहिला कॅप्टन मला 'सर' म्हणायचा आणि मी त्याला 'सर' म्हणायचो. पहिल्या सेक्टरवर (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतचं एक उड्डाण) टॅक्सी करताना दोघंही एकमेकांना सर म्हणत राहिलो, शेवटी केबिन क्रूच्या मुलीने दार उघडून विचारलं, 'नक्की सर कोण?'

अहंकार घरी ठेवा वगैरे सल्ला मी देत नाही, तो सगळेच देतात. मी फक्त गणित सांगतो. भारतात व्यावसायिक वैमानिक ६५ वर्षांपर्यंत उडू शकतो, साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी. बेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडलात तर तेवीस वर्षं आहेत. कमांड तीन वर्षांत मिळाली तर वीस वर्षं डावीकडे. सात वर्षांत मिळाली तर सोळा. या चार वर्षांचा फरक सुरुवातीच्या पगारातल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा असतो.

कमांड लवकर कुठे मिळते? जिथे विमानं येत आहेत तिथे. ऑर्डर दिली म्हणजे विमान आलं असं समजू नका. इंडिगोने जून २०२३ मध्ये एका फटक्यात ५०० एअरबसची ऑर्डर दिली, त्याच वर्षी एअर इंडियाने एअरबस आणि बोईंग मिळून ४७० ची. आकडे खरे, पण ती विमानं कारखान्यातून वर्षानुवर्षं येत राहणार. अकासाने २२६ बोईंग ७३७ मॅक्स मागवली. बोईंगच्या डिलिव्हऱ्या रखडल्या, त्यात २०२४ मध्ये त्यांच्या कामगारांचा संप झाला, आणि विमानांच्या हिशेबाने घेतलेले काही वैमानिक उडण्याविना थांबून राहिले. म्हणून विचारायचा प्रश्न असा: गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्षात किती विमानं आली आणि किती जणांची कमांड झाली?

सीनिऑरिटी नंबर म्हणजे काय, आणि त्याची एवढी घाई का करतात?

कंपनीत ज्या दिवशी रुजू झालात त्या दिवसाने तुमचा नंबर ठरतो. बेस, सुट्टी, दिवाळीचा रोस्टर, कमांडची रांग, मोठ्या विमानावर जाण्याची संधी, सगळं त्या नंबराच्या मागे फिरतं. कंपनी बदलली की नंबर शून्यावर. फोर्समधली वरिष्ठता त्यात धरत नाहीत. माझा एक कोर्समेट चांगली पोस्टिंग मिळेल म्हणून आठ महिने थांबला. त्याच्या आधी रुजू झालेला त्याचाच कनिष्ठ आज त्याच्या डावीकडे बसतो. दोघांचं पटतं छान, पण दिवाळीची सुट्टी कनिष्ठालाच मिळते.

एअरबस की बोईंग?

भारतात सध्या ए-३२० कुटुंबाची विमानं सर्वांत जास्त. इंडिगोकडे, एअर इंडियाकडे, एअर इंडिया एक्स्प्रेसकडेही. ७३७ अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि स्पाइसजेटकडे. म्हणजे ए-३२० चं टाइप रेटिंग (ते विमान उडवायची परवान्यावरची नोंद) हातात असेल तर पुढचे दरवाजे जास्त.

नौदलातल्या पी-८आय या सागरी टेहळणीच्या विमानावरून आलेल्यांचा प्रश्न वेगळा. अरक्कोणम किंवा गोव्यातून तुम्ही जे उडवलंत ते मुळात ७३७-८०० च आहे. परवान्यावर डीजीसीएचं (नागरी विमानवाहतुकीचं सरकारी नियामक खातं) एन्डॉर्समेंट लागेलच, पण सिम्युलेटरमध्ये तुमचा हात आधीच बसलेला असतो. तुम्ही ७३७ सोडून जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

एएन-३२ वाल्यांना एअरबसची तयारी मनाने करावी लागते. आमच्या कॉकपिटमध्ये मागे नेव्हिगेटर असायचा, फ्लाइट इंजिनिअर असायचा. तापमान वाढलं की तो ओरडायचा. एअरबसमध्ये मागे कोणी नाही. थ्रस्ट लिव्हर एका खाचेत ठेवले की इंजिनं आपोआप कमीजास्त होतात आणि लिव्हर मात्र जागचे हलत नाहीत. वीस वर्षं पॉवर हातात धरून उतरणाऱ्याला पहिले काही तास हे भुताटकीसारखं वाटतं. सिम्युलेटरमध्ये पहिल्याच लँडिंगला, धावपट्टी वीस फुटांवर आली आणि विमान 'रिटार्ड, रिटार्ड' (लिव्हर मागे घ्या; इंग्रजीत हीच 'मतिमंद' अशी शिवीही) म्हणायला लागलं. मी दचकून इन्स्ट्रक्टरकडे पाहिलं. तो म्हणाला, 'तुम्हाला नाही, सर, लिव्हरला म्हणतंय.'

फायटरवाल्यांना तास कमी पडतात का?

पडू शकतात. फायटरची सॉर्टी तासाभराची, त्यामुळे वर्षं तेवढीच पण लॉगबुक पातळ. एटीपीएलला (एअरलाइनच्या कॅप्टनला लागणारा परवाना) एकूण १५०० तास लागतात, आणि त्यात रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटवरचे तास वेगळे मोजले जातात. नुसती बेरीज करून निश्चिंत होऊ नका, रकाना-रकाना तपासा. शेवटच्या पोस्टिंगवर असतानाच रात्रीचे तास भरून काढणं सोपं. बाहेर पडल्यावर भाड्याच्या विमानात तेच तास खिशातून जातात.

आणि कधी विमानातून सीटसकट इजेक्ट झाला असाल तर मणक्याचे सगळे रिपोर्ट आत्ताच जमवा. डीजीसीएच्या क्लास वन मेडिकलला ते मागतील.

सिव्हिल परवान्याच्या परीक्षांचं काय? मी ए-१ कॅटेगरीचा क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे.

छान. एअर रेग्युलेशन्सच्या पेपरला त्याचा उपयोग नाही. नेव्हिगेशन आणि मेट (हवामान) तुम्हाला सोपे जातील असं वाटतं आणि तिथेच लोक आपटतात, कारण प्रश्न सिव्हिल पद्धतीने विचारतात. रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडे असायची. नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, ती डीजीसीएकडे आणली. जुन्या नोट्स वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. माझा सल्ला: सुटण्याच्या दीड वर्ष आधी पुस्तकं उघडा. युनिटमध्ये कोणाला कळू द्यायचं नसेल तर रात्री उघडा, पण उघडा.

बाहेर पडता येईल का, ही तर पहिली पायरी ना?

बरोबर, आणि तिच्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांची चौदा वर्षं संपली की संपली. तारीख ठरलेली, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी घेऊन निघायचं. पर्मनंट कमिशनवाल्यांची पेन्शन वीस वर्षांना पक्की होते, म्हणून बहुतेक जण तिथे अर्ज टाकतात. अर्ज टाकला म्हणजे मंजूर झाला असं नाही. वैमानिक कमी असले की अर्ज अडकतो, फेटाळलाही जातो. तेव्हा एअरलाइनला रुजू होण्याची तारीख देताना हातात मंजुरीचा कागद हवा. वरिष्ठ हुद्द्यांना निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायला परवानगीही लागते, तो अर्ज वेगळा.

टाइप रेटिंगचा खर्च आणि बॉण्ड?

काही कंपन्या खर्च करतात आणि बॉण्ड लिहून घेतात, काही तुमच्याकडून घेतात. रक्कम लाखांत आणि दोन आकडी असते. बॉण्डला घाबरू नका, बॉण्डची मुदत ट्रेनिंग सुरू झाल्यापासून मोजतात की लाइनवर (प्रवासी उड्डाणांवर) सुटल्यापासून, ते वाचा. बॉण्डपेक्षा जड असतो नोटीस पीरियड: डीजीसीएच्या नियमाने फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. 'आधी कुठेही घुसतो, मग बघू' म्हणणाऱ्यांसाठी हे. २०२३ मध्ये अकासाने नोटीस न देता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध कोर्ट गाठलं होतं. कोण बरोबर, कोण चूक यात मी शिरत नाही, पण वकिलाची फी दोन्ही बाजूंना बसते.

कंपनी बुडाली तर?

बुडतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटमधले किती माजी फौजी महिनोन्महिने पगाराविना उडत राहिले! 'शब्द दिलाय' म्हणून. गो फर्स्टचं दुखणं वेगळं: प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी निम्मी विमानं जमिनीवर बसवली. त्याच इंजिनांनी इंडिगोचीही कितीतरी विमानं उभी राहिली, पण तिच्याकडे दुसरी शेकडो होती.

माझी खूण अशी आहे: क्रूचं हॉटेल बदललं, पिकअपची गाडी बदलली आणि पीएफचा भरणा उशिरा दिसू लागला, की बायोडेटा बाहेर काढायचा. पीएफ मी दर महिन्याला मोबाइलवर बघतो. कंपनी चांगली असली तरी बघतो.

वाईफ विचारते, फोर्सपेक्षा घरी जास्त असाल का?

वहिनींना खरं सांगा: रात्री जास्त, सणाला कमी. पोस्टिंग नाही, टीडी (तात्पुरती बाहेरगावची ड्यूटी) नाही, सहा महिन्यांचा डिटॅचमेंट नाही. पण पहाटे तीनला गाडी दारात, चार सेक्टर, दुपारी घरी येऊन पडदे ओढून झोप, आणि त्या वेळी वर कोणीतरी ड्रिल मशीन चालवतं.

विश्रांतीचे नियम आता थोडे माणसात आले आहेत. डीजीसीएने आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि रात्र पहाटे सहापर्यंत धरून त्या वेळातली लँडिंग कमी केली. दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ पासून. दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा तिला काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. यातून निवड करणाऱ्याने एवढंच घ्यावं: मुलाखतीला जाण्याआधी तिथल्या एखाद्याचा खरा रोस्टर मागून बघा. एका महिन्याचा कागद तुम्हाला एचआरच्या तासाभराच्या प्रेझेंटेशनपेक्षा जास्त सांगतो. त्यावर किती रात्री ड्यूटी आहे ते बोटाने मोजा.

लांब पल्ल्याची मोठी विमानं लगेच मिळतील का?

सी-१७ किंवा आयएल-७६ वाल्यांचा हक्क वाटतो आणि काहींना मिळतोही. बाकीच्यांनी ए-३२० वर घाम गाळून मग जावं. एअर इंडियाकडे ७७७, ७८७, ए-३५० आहेत. मला स्वतःला मोह नाही. महिन्याला मोजकी लँडिंग, आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलात रात्री तीनला टक्क डोळे. पण मुलं अमेरिकेत असणाऱ्या दोन मित्रांनी याच कारणासाठी मोठं विमान घेतलं, आणि ते सुखी आहेत.

हेलिकॉप्टरवाल्यांनी काय करावं?

एअरलाइनचा नाद धरायचा तर फिक्स्ड विंगचं लायसन्स जवळपास पहिल्यापासून. वय तिशीत असेल तर करा. चाळिशी उलटली असेल तर जुहूकडे बघा. पवन हंस आणि ग्लोबल वेक्ट्राची हेलिकॉप्टर तिथून बॉम्बे हायच्या रिगवर जातात. चेतक, ध्रुवने लडाख पाहिलेल्या माणसाला मान्सूनमध्ये समुद्रावरचं डेक नवीन असतं, पण हात तोच लागतो.

अजून एखादी गोष्ट, जी आधी कोणी सांगत नाही?

ब्रेथ अ‍ॅनलायझर. ड्यूटीच्या बारा तास आधीपासून थेंब नाही, आणि यंत्राला शून्यच हवं. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही. आमच्या मेसच्या शुक्रवारच्या सवयी ज्यांच्या अंगात मुरल्या आहेत त्यांनी हे वाक्य बायकोला वाचून दाखवावं, ती लक्ष ठेवेल.

मुलाखतीला काय नेऊ?

तपासून सही-शिक्का घेतलेलं लॉगबुक, त्याच्या दोन झेरॉक्स, मेडिकल, मंजुरीचा कागद. छातीवरच्या विंग्ज नकोत, साधा सूट चालेल. सिम्युलेटर चेकमध्ये तुम्ही किती छान उडवता हे त्यांना फारसं बघायचं नसतं. शेजारी बसलेल्याला तुम्ही बोलू देता का, कॉलआउट (ठरलेल्या सूचना मोठ्याने सांगणं) वेळेवर देता का, आणि हजार फुटांवर अ‍ॅप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) स्थिर नसेल तर निमूट गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करता का, ते बघतात. माझ्या चेकमध्ये मी अस्थिर अ‍ॅप्रोच उत्तम सावरून उतरवला होता. परीक्षकाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'हे का उतरवलंत?'